तारा सोडायच्या राहिल्या

काड्या दुपारी अडीचला घराबाहेर पडला तो एक ड्रम आणायला. काखेत जुनी चादर, ड्रम गुंडाळायला. खिशात पक्कड, लागली तर असावी म्हणून. चपला घालताना त्यानं सवयीनं एक शिवी हासडली. चपलेला नव्हे, लंब्याला, त्याच्या बँडमधल्या जोडीदाराला. लंब्याला मरून सव्वीस वर्षं झाली होती, पण रोज त्याला चार शब्द सुनावल्याशिवाय काड्याचं अन्न पचत नसे. घरात ऐकायला दुसरं होतं कोण? बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगा लांब, त्याचा फोन आला तर आला. त्यामुळे बोलायचं ते सगळं लंब्याशी. "दुधात पाणी घालतोय लेकाचा, ऐकलंस का रे भामट्या?" "गुडघा आज जीव घेतोय, तू सुटलास बेट्या." असं दिवसभर, खाटेवर बसून, भिंतीकडे बघून.

काड्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचा, म्हणून हातात सदा दोन काड्या. आणि इकडचं तिकडे करून काड्या लावण्यातही कुणाला हार जायचा नाही. दोन्हीकडून नाव चिकटलं ते अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही सुटलेलं नव्हतं. खरं नाव पेन्शनच्या कागदावर होतं, तिथंच पडून होतं.

सकाळी लंब्याच्या बायकोचा फोन आला होता. सव्वीस वर्षांत पहिला.

"भावजी, मी आज संध्याकाळी लेकीकडे चाललेय. कायमची. ह्यांचा ड्रम घेऊन जा."

"तुम्हीच न्या की. नवऱ्याचा आहे तुमच्या."

"तो मला नेता येत नाही," वहिनी म्हणाल्या. "तीनपर्यंत या. साडेतीनच्या आधी." आणि फोन ठेवला.

वाट कागदाच्या कारखान्यावरून जात होती. कारखाना आता बंद, आत कुणाचं तरी गोदाम. पण उन्हं तापली की भिंतींतून अजून ओल्या लगद्याचा वास यायचा, आंबूस, कोमट. त्या वासानं काड्याचे पाय आपोआप हळू झाले. ह्याच फाटकातून पहिली पाळी सुटायची आणि साडेतीनच्या ठोक्याला मागच्या शेडमध्ये बँडची तालीम सुरू व्हायची. एकवीस माणसं. दिवसभर लगदा ढवळणारी, गठ्ठे बांधणारी. हातांना डिंकाचा वास, आणि त्याच हातांत चकचकीत पितळी वाजंत्री. काय दिवस होते! आता शेडवर पत्राही उरला नव्हता.

मास्तर कडक. कुठून शिकून आला होता देव जाणे, पण ड्रम शिकवायचा तो तोंडानं. त्याच्यापाशी एक इंग्रजी शब्द होता: रॅटाप्लॅन. म्हणजे काय, तर ड्रम वाजतो ना, तो आवाजच. साहेबांच्या भाषेत ड्रमच्या आवाजाला असं म्हणतात म्हणे. "तोंडात आला नाही तर हातात काय कपाळ येणार?" असं म्हणून मास्तर काड्या आणि लंब्या दोघांना भिंतीकडे तोंड करून उभं करायचा आणि तास-तास तो एकच शब्द म्हणायला लावायचा. काड्या चौथीत शाळेला रामराम ठोकलेला. जन्मात इंग्रजी आलं ते एवढंच, पण ते मात्र साहेबापेक्षा चांगलं आलं.

मग मास्तरनं तो शब्द दोघांत वाटून दिला. 'रॅ-टा' लंब्याचे, दोन हलके ठोके. 'प्लॅन' काड्याचा, एक जोरकस. दोन माणसं, दोन ड्रम, पण रस्त्यावरून बँड जाताना डोळे मिटून ऐकलं तर एकच माणूस वाजवतोय असं वाटायचं. पुढं पुढं दोघांना दुसरं काही सुचेचना. लंब्या दारावर आला की बोटाच्या पेरानं दोनदा ठोकायचा, आणि काड्या आतून हाताला येईल त्यावर, डब्यावर, खाटेवर, एकदा तर बायकोच्या कणकेच्या परातीवर, तिसरा ठोका द्यायचा. तो दिल्याशिवाय लंब्या आत पाऊल टाकायचा नाही. "अहो, दार उघडंच आहे!" बायको ओरडायची. "असू दे," बाहेरून लंब्या म्हणायचा. "शब्द पुरा व्हायचाय."

हे सगळं आठवत काड्या तिसऱ्या मजल्यावर चढला. दर मजल्यावर थांबून गुडघ्याला आणि लंब्याला आळीपाळीनं शिव्या घातल्या.

दार उघडं होतं. आत खोकी, दोरीनं बांधलेल्या गाद्या, भिंतींवर काढलेल्या फोटोंचे पांढरे चौकोन. वहिनी शिलाईच्या मशीनवर झाकण बसवत होत्या. केस पार पांढरे झालेले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही जरा राग आला, म्हातारं झाल्याचा.

"बसा. चहाची भांडी बांधली. पाणी देते."

"पाणी नको. ड्रम कुठाय?"

"आतल्या खोलीत." वहिनी बोलल्या, आणि त्याच क्षणी आतून आवाज आला.

झर्रर्र...

बारीक. कागदावर मूठभर रवा सांडावा तसा. काड्यानं मान वळवली, मग हसला.

"दचकलो की मी! तारा ताणलेल्या राहिल्यात, वहिनी. ड्रमच्या खालच्या कातड्यावर बारा तारा असतात. ताणून ठेवल्या की खोलीत कुणी बोललं तरी थरथरतात. भूतबित काही नाही. मास्तर म्हणायचा, काम झालं की तारा सोडा, नाहीतर ड्रम कान उघडे ठेवून झोपतो."

"माहितेय मला," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी सांगितलं होतं. हेही सांगितलं होतं की वाजवणारा गेला, तर माणूस घरातून न्यायच्या आधी त्याच्या तारा सोडतात. आणि त्या सोडायच्या जोडीदारानं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही."

काड्यानं चादर एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"त्या दिवशी जिन्यापर्यंत आला होतात तुम्ही," त्या म्हणाल्या. "खिडकीतून दिसलात. मी सगळ्यांना थांबवून ठेवलं. म्हटलं, येतील वर. तुम्ही पाठ फिरवलीत."

बोलण्यासारखं होतं ते काड्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. भांडण कसलं, तर पोरासोरांचं. एका मोठ्या स्पर्धेत ऐन वेळी काड्याच्या हातातली काडी निसटली. लंब्यानं एका झटक्यात दोघांचेही ठोके एकट्यानं वाजवले आणि बँडची लाज राखली. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाला, "एक पुरे की मग!" आणि पुढच्या तालमीला काड्याच्या हातात झांजा दिल्या. झांजा! चौदा वर्षं ड्रम वाजवलेल्या माणसाच्या हातात दोन ताटल्या! लंब्यानं एका शब्दानं तरी मास्तरला अडवायचं? नाही. मान खाली घालून उभा राहिला. काड्यानं त्याच दिवशी आपल्या ड्रमच्या तारा सोडल्या, तो खोक्यात भरला, सुतळीनं बांधून खाटेखाली ढकलला, आणि लंब्याशी बोलणं सोडलं. अकरा महिने.

अकरा महिन्यांनी एका संध्याकाळी दारावर दोन ठोके पडले. रॅ-टा. काड्या आत खाटेवर बसला होता. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं ओठांवर बोट ठेवलं. जरा वेळानं पुन्हा रॅ-टा. मग तिसऱ्यांदा, अगदी हळू. काड्यानं मुठी आवळून धरल्या होत्या. बाहेर पावलं वळली, जिना उतरून गेली. पहाटे कुणीतरी सांगत आलं की लंब्या झोपेतच गेला.

कुठल्या तोंडानं वर जायचं होतं?

"वहिनी," काड्या खाकरला, "चुकलंच ते. आण... आणा ड्रम. सोडतो आत्ता तारा. पाच मिनिटांचं काम."

"थांबा. आधी ऐका, मग हात लावा." वहिनी खोक्यावर बसल्या. आवाज उतरला. "मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. मी बोलते म्हणून थरथरतो. बरं वाटायचं. घरात कुणीतरी हुंकार देतंय असं. सव्वीस वर्षं मी त्याच्याशी बोललेय, भावजी. पण दोन-चार वर्षांपूर्वी लक्षात आलं... मी बोलते, मग तो थरथरतो, असं नाहीये."

"म्हणजे?"

"तो आधी थरथरतो. मग मी बोलते."

खाली रस्त्यावर एक सायकल गेली. तिची घंटी वाजली आणि विरली.

"आता तर अंग आखडून बसते. थरथरला की वाटतं, आता मी काहीतरी बोलणार. काय, ते मला माहीत नसतं. त्याला असतं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आणि साडेतीनला... दोन ठोके. रोज. तिसरा नाही. लेकीचं बाळ तीन महिन्यांचं आहे. त्या घरात मी हे नेऊ? आणि इथं एकटा टाकून जाऊ? सांगा तुम्हीच. तिसरा ठोका तुमचा ना?"

काड्या उठला. असल्या गोष्टींवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. आतल्या खोलीत खिडकी बंद, जुन्या कातड्याचा आणि पॉलिशचा वास कोंडलेला. स्टुलावर ड्रम. काळ्या कडा, पितळी खोड, वहिनींनी पुसून लखलखीत ठेवलेलं. त्या वासासरशी मात्र शेडमधली एकवीस माणसं एकदम आत शिरल्यासारखं झालं.

"काय रे टोणग्या," तो पुटपुटला. ड्रम हुंकारला, झर्रर्र. आधी की नंतर, हे त्याला नीट कळलं नाही. त्यानं कळून घेतलंही नाही.

ड्रम बाहेर आणून तो मांडीवर घेऊन बसला. तारा ताणायची-सोडायची पिळाची कळ गंजली असणार म्हणून पक्कड काढली. तारांना हात घालायला ड्रम उलटा केला.

तारा नव्हत्या.

दोन्ही बाजूचे आकडे रिकामे. पिवळट कातड्यावर बारा गंजक्या रेघा, सरळ, शेजारी शेजारी. तारा होत्या कधीतरी, एवढंच त्या सांगत होत्या.

"वहिनी, तारा कुणी काढल्या?"

"कुणी हात लावलेला नाही. मी वरून पुसते फक्त. तुमच्यासाठीच ठेवला होता."

"अहो, पण तारा नाहीत! तार नाही तर थरथरतंय काय?"

वहिनी उत्तर देणार, तोच त्याच्या मांडीवर तो ड्रम सळसळला. धोतराच्या कापडातून, हाडापर्यंत. वहिनींनी तोंड मिटून घेतलं. बोलायचं होतं ते बोलल्याच नाहीत.

भिंतीवरचं घड्याळ तेवढं काढायचं राहिलं होतं. त्यात साडेतीन झाले.

रॅ-टा.

काड्याचा तळवा कातड्यावर होता. त्याला ते ठोके ऐकू आले नाहीत, लागले. आतून. बोटाच्या पेराचे. दारावर ज्या जागी, ज्या जोरानं पडायचे तसेच.

"झालं," वहिनी कुजबुजल्या. "एकदाच येतात. आता उद्या."

रॅ-टा.

वहिनींचा हात गळ्याशी गेला. "दुसऱ्यांदा... कधी नाही आले..."

काड्या ताठ झाला होता. त्याला ठाऊक होतं की अजून एकदा येणार. फक्त त्यालाच ठाऊक होतं. त्या संध्याकाळी दाराबाहेर तीनदाच तर झालं होतं, आणि तिसरं हळू होतं, अगदी हळू, जसं कुणी जाता जाता ठोकावं. आज हुकलं तर... त्यानं मूठ आवळली. तीच मूठ. सव्वीस वर्षांपूर्वी आवळलेली.

रॅ... टा...

"प्लॅन!" काड्या ओरडला आणि पेरानं कातड्यावर असा ठोका हाणला की खिडकीची काच खणाणली.

ठोका खोलीत फिरला, खोक्यांवरून गेला आणि विझला. मग काहीच नाही. खरोखरच काही नाही. दोन म्हातारी माणसं कान देऊन बसली. वहिनींनी दबकत "भावजी?" म्हटलं. ड्रम मुका. मोठ्यानं म्हटलं. मुका. मग त्या रडल्या, आणि रडता रडता हसल्या.

"परात आठवतेय का हो तुमच्या बायकोची?"

"आठवते तर! पोचा पडला होता तिला. मरेपर्यंत ऐकवत होती."

पाचला लेक टेम्पो घेऊन आली. काड्यानं दोन खोकी उतरवायला मदत केली, म्हणजे मजुरांना शिव्या दिल्या. वहिनी टेम्पोत बसताना म्हणाल्या, "आता झोप लागेल मला." त्यांचा चेहरा खरंच हलका झाला होता.

काड्या ड्रम चादरीत बांधून घरी आला. उन्हं उतरली होती, खोलीत अजून उजेड होता. ड्रम खाटेवर ठेवला आणि त्याला वाटलं, काम अर्धवट झालं. शब्द पुरा झाला, पण तारा कुठं सोडल्या? रीत ती रीत. आपल्या ड्रमच्या तारा काढायच्या, ह्याला लावायच्या, ताणायच्या आणि जोडीदाराच्या हातानं सोडायच्या. मग लंब्या सुटला. आपणही सुटलो.

वाकून, कण्हत, त्यानं खाटेखालून खोकं ओढलं. वर बोटभर धूळ. सुतळीची गाठ त्याची स्वतःची, बँडमध्ये पट्ट्याला मारायची तीच, जशीच्या तशी. ती सुटेना, पकडीनं कापली. आतून लगद्याचा वास आला. ड्रम बाहेर काढून उलटा केला.

त्याच्या तारा होत्या. त्यानं सोडल्या होत्या तशाच, सैल, गंजून लाल झालेल्या. आणि त्यांच्या वरून, त्याच आकड्यांना, आणखी बारा तारा होत्या. ताणलेल्या. चकचकीत, आत्ता पुसल्यासारख्या. एका टोकाला लाल दोऱ्याची गाठ.

दोरा वहिनींच्या मशीनचा. दोघांचे ड्रम सारखे, साफ करताना तारा एकमेकांत मिसळायच्या, म्हणून लंब्या आपल्या तारांना खुणेला लाल दोरा बांधायचा.

काड्या खाटेवर बसला. खाटेखाली, त्याच्या बुडाखाली, सव्वीस वर्षं ह्या तारा ताणलेल्या होत्या. दुधवाल्याचं ऐकलं त्यांनी. गुडघ्याचं ऐकलं. बायको गेली त्या रात्री तो भिंतीकडे बघून जे बोलला होता, तेही. शिव्या तर सगळ्याच.

त्यानं कळीला हात घातला. पक्कड लागलीच नसती, कळ लोण्यासारखी फिरली असती. एक पीळ उलटा दिला की तारा सैल. पाच मिनिटांचंही काम नव्हतं.

बोटं कळीवर तशीच राहिली. खोलीतला उजेड भिंतीवरून खाली सरकला, कोपऱ्यातला माठ दिसेनासा झाला. तारा सोडल्या की मग उद्या सकाळी दुधात पाणी निघालं, तर सांगायचं कुणाला?

उद्या सोडू, त्यानं ठरवलं. एक दिवसानं काय बिघडतंय? ड्रम हळूच खाटेखाली सरकवला, पाय वर घेतले, आणि भिंतीकडे बघून, लंब्याला एकदा तरी सरळ शब्दांत सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

अजून शब्द ओठावर यायचा होता.

खाटेखाली झर्रर्र झालं.